आमची वाटचाल : दिवसभर दारात उभी राहिलेली जावा

आमच्या गॅरेजात कुणी शिकायला आलं की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात पाना देत नाही, फिलर गेज देतो, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. जावा-येझदी मोटरसायकलच्या प्लॅटिनचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टिकल्यांचा, गॅप ०.४ मिलिमीटर. पात आत सरकली पाहिजे, पण सरकताना किंचित धरली पाहिजे. सुळकन गेली तर गॅप जास्त, ढकलावी लागली तर कमी. हे ‘किंचित धरणं’ सांगून कळत नाही, हातालाच कळावं लागतं. माझ्या हाताला कळायला आठ महिने लागले.

१९८६ साली दहावीत गणितात गेलो आणि वडिलांनी मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात वस्तादांकडं आणून सोडलं. पहिलं वर्षभर रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुणं, एवढंच काम. तेव्हा राग यायचा. आता कळतं की त्या वर्षात सगळं इंजिन माझ्या बोटांखालून गेलं होतं. पिस्टनवरचा कार्बन कुठं जाड बसतो, एक्झॉस्टचं तोंड कसं बुजत जातं, रिंग कुठल्या बाजूनं जास्त झिजते, हे मी शिकतोय हे न कळताच शिकलो. दुसऱ्या वर्षी प्लग, मग प्लॅटिन, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते जुळवणं. टायमिंगला वस्ताद सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद वापरायचे. प्लॅटिनच्या दोन टिकल्यांमध्ये कागद धरायचा, दुसऱ्या हातानं इंजिन हळूहळू फिरवायचं, आणि कागद ज्या क्षणी सुटेल तिथं थांबायचं. तिथं ठिणगी पडते. पिस्टन त्या वेळी वरून किती खाली आहे ते मोजायचं. कागद ओढायचा नाही, नुसता धरायचा. मी ओढायचो. वस्ताद म्हणायचे, “गाडी बोलतीया रं. तू जरा गप ऱ्हा, मग ऐकू यील.”

जावावरच का राहिलो, असं पुष्कळ जण विचारतात. ज्यानं ती चालवली त्याला सांगावं लागत नाही. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की तीच किक. गिअर बदलताना क्लच दाबला नाही तरी चालतं, कारण दांडा हलला की क्लच आतून आपोआप सुटतो. १९६१ पासून म्हैसूरला बनायला लागली, १९७३ पासून येझदी नावानं आली. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. तो आवाज बिंदू चौकातून आला तर मला दुकानात बसून कळायचं की पावसानंतरची ट्यूनिंग राहिली आहे.

१९९३ च्या दसऱ्याला शाहूपुरीत स्वतःचं गॅरेज टाकलं. एकट्यानं नाही. वस्तादांकडं माझ्याबरोबर शिकलेला एक जण भागीदार होता. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. सात वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. भांडवल निम्मं निम्मं, पण हत्यारं जास्त माझ्या डोक्यातली. क्लच काढायचा पुलर बाजारात मिळत नव्हता. लोक स्क्रू ड्रायव्हर घालून हातोडी मारायचे आणि क्लचची वाट लावायचे. मी मापं काढून उद्यमनगरातल्या एका टर्नरकडं तीन वेळा चकरा मारल्या, आटे जुळेपर्यंत. क्रँक बसवायची जिग, स्प्रॉकेट धरायचा पट्टा, सगळं तसंच करून घेतलं. १९९६ ला म्हैसूरची कंपनी बंद पडली, तेव्हा आम्ही दोघं बेळगाव-हुबळीला जाऊन जुन्या डीलरांकडं पडून राहिलेला माल पोत्यानं घेऊन आलो. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा, सिलं. सुरुवातीपासून एक वही ठेवली होती. गिऱ्हाईक, गाडीचा नंबर, सिलिंडरचा कितवा बोअर (आतून घासून मोठा करणं), कार्बोरेटरचा कुठला जेट, शेवटचं काम कधी, सगळं त्यात. अक्षर माझं.

१९९९ चा मे. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांची येझदी रोडकिंग फुल इंजिनला, म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळं इंजिन खोलून करायला, आली. बोअर मी करून आणला. पिस्टनची फट मी मोजली, एकदा नाही तीनदा. खालचं काम, म्हणजे क्रँक आणि केस, भागीदाराकडं होतं. गाडी सुंदर झाली. ते गृहस्थ पंधरा दिवसांनी रत्नागिरीला गेले आणि परत येताना आंबा घाटाच्या चढाला पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकला. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि त्यांचा डावा हात मोडला.

मी दवाखान्यात गेलो. परत येईपर्यंत भागीदारानं शाहूपुरीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की बोअर टाइट ठेवला, मोजमाप ह्याचं होतं. महिन्याभरात तो वेगळा झाला. एका सोमवारी दुकान उघडलं तर भिंतीवर पुलरची जागा रिकामी. जिग नाही, पट्टा नाही, पोती नाहीत, वही नाही. पन्नास पावलांवर त्याचं नवीन दुकान, तिथं माझ्याच पुलरनं काम चालू. मी भांडायला गेलो नाही. वडिलांनी जाऊ दिलं नाही. हत्यारं काय, पुन्हा होतात. पण वहीचं मला आजही लागतं. सहा वर्षांची नोंद होती ती, आणि त्यातल्या नंबरांवरून त्यानं एकेक गिऱ्हाईक गाठून सांगितलं की तिकडं गेलात तर हात मोडून याल.

दोन वर्षं मी मोपेडचे पंक्चर काढले. पतसंस्थेचा हप्ता थकला, वसुलीवाला दारात येऊन बसायचा. टू-स्ट्रोकचा जमानाही उतरत होता. जो तो फोर-स्ट्रोक घेत होता, लिटरला कितीचा ॲव्हरेज एवढंच विचारत होता. बायकोच्या पाटल्या गेल्या. शटरवर ‘दुकान देणे आहे’ असा कागद मी स्वतः लिहून ठेवला होता, फक्त चिकटवायचा राहिला होता.

आणि मग आजऱ्याचे गुरुजी आले. प्राथमिक शाळेत शिक्षक, १९७४ साली जुनी घेतलेली मरून रंगाची जावा. शाळा सुरू व्हायच्या आधी दर जूनला ते गाडी आणायचे. त्यांनाही भागीदाराचा फोन गेला होताच. त्यांनी मला त्यातलं काही विचारलं नाही. प्लग, प्लॅटिन, कार्बोरेटर साफ, चेन टाइट, क्लचचं सेटिंग. दीड तासात काम झालं. मी चावी पुढं केली तर म्हणाले, “आत्ता नको. गाडी दिवसभर दारात राहू दे, स्टँडवर, रस्त्याकडं तोंड करून. संध्याकाळी नेतो.” मग ते अंबाबाईला जाऊन आले, वाचनालयात बसले, परत येऊन माझ्या स्टुलावर बसले. येणारा-जाणारा बघत होता. गुरुजींची जावा जिल्ह्यातल्या अर्ध्या जावावाल्यांना माहीत. पुढल्या आठवड्यात चार गाड्या आल्या. पुढच्या दोन वर्षांत ते कामाला निमित्त काढून काढून आले, आणि प्रत्येक वेळी गाडी संध्याकाळपर्यंत दारात.

आता त्या रोडकिंगचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही वाटचाल अर्धी राहील. २००१ च्या दिवाळीनंतर ते यंत्रमागवाले स्वतः गाडी टेम्पोत घालून माझ्याकडं आले. मधल्या काळात त्यांनी दोन ठिकाणी हाफ इंजिन, म्हणजे फक्त वरचं काम, केलं होतं. दोनदा बोअर, दोनदा पिस्टन. दोन्ही वेळा शे-दोनशे किलोमीटरवर पिस्टन धरला. म्हणाले, “आता शेवटचा साइज उरलाय. तुम्हीच बघा.”

मी हेड उघडलं नाही. गाडी चालू केली आणि स्टूल घेऊन बाजूला बसलो. ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन खाली यायला तयार नाही, वरच्या वर पळतंय. स्लोचा स्क्रू फिरवला, फरक नाही. मोठा जेट घातला, तरी तेच. प्लग काढला तर चुन्यासारखा पांढरा. चांगल्या चालणाऱ्या गाडीचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन कोरडा होतो. तर मग ही जास्तीची हवा येते कुठून? इन्टेकचं पॅकिंग बघितलं, ठीक. मग डायनॅमो काढला आणि केस उघडली.

डायनॅमोच्या बाजूचं क्रँकचं सील, म्हणजे शाफ्टभोवती हवा अडवणारं रबरी कडं, जुनंच होतं. आम्ही हुबळीहून आणलेलं नवं नव्हे, गाडीबरोबर आलेलं जुनं. त्याचा ओठ नखानं दाबला तर दबला नाही, वाळक्या चामड्यासारखा कड्कन मोडला. शाफ्ट आणि ओठ यांच्यात मी ०.१ ची पात घातली आणि ती अलगद गेली. तिथून हवा ओढली जात होती, पहिल्या दिवसापासून. घाटाच्या चढाला लोड आला आणि पिस्टन कोरडा पडला. बोअर टाइट नव्हताच. दोन्ही मिस्त्रींनी वरचं खोललं, खालचं कुणी बघितलं नाही. सील बदलायचं काम कुणाकडं होतं ते मी वर लिहिलंच आहे.

मी ते सील यंत्रमागवाल्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि खिशात घातलं. ते घेऊन ते थेट पन्नास पावलांवरच्या दुकानात गेले. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. भागीदार मात्र माझ्याकडं आजपर्यंत आला नाही. चुकलं म्हणाला असता तर मी त्याला पुलर बक्षीस दिला असता. पुढं त्याचं दुकान बंद झालं, तो गाव सोडून गेला. त्याचा मला आनंद झाला नाही. वही तेवढी परत पाहिजे होती.

त्यानंतरची सतरा-अठरा वर्षं धंदा नीट चालला. कर्ज फिटलं, पाटल्या परत केल्या.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आली. धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. गॅरेजात नऊ गाड्या होत्या, त्यातल्या चार इंजिन उघडलेल्या. हायवे बंद, आम्ही राजारामपुरीत पाहुण्यांकडं. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर पुलर, पाने, ट्रे सगळ्यावर बोटभर गाळ आणि त्याखाली गंज चढायला लागलेला. रस्ता सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, रिटायर होऊन वर्षं झालेली, एसटीनं, हातात डिझेलचा कॅन. मांडी घालून बसले आणि संध्याकाळपर्यंत नट-बोल्ट धूत राहिले. सहा दिवस रोज. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा सामान आधीच हलवलं होतं. आता दुकान उद्यमनगरात आहे, जिथून सुरुवात केली त्याच्या मागच्या गल्लीत.

पुरात बुडालेल्या गाडीला किक मारू नका, हे ज्याला त्याला सांगतो. आधी प्लग काढा, हातानं इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा, प्लगच्या भोकातून ऑइल सोडा, डायनॅमो उघडून वाळवा, गिअरचं ऑइल बदला. मग किक. घाईनं मारलेल्या एका किकनं मी चांगले कनेक्टिंग रॉड वाकलेले बघितलेत.

दोन-तीन गोष्टी आणखी सांगतो. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा क्रोमची चकाकी बघू नका, आरसी बुकवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाकून वाचा. टाकीत टॉर्च मारून आतला गंज बघा. सील घ्यायला जुन्या गाड्यांचंच दुकान लागतं असं नाही, बेअरिंगच्या दुकानात माप नेलं की चांगल्या कंपनीचं मिळतं, आणि इंजिन खोललं की सिलं बदलायचीच, कितीही चांगली दिसली तरी. पेट्रोलच्या लिटरला ४० मिली ऑइल, अंदाजानं नाही, मापानं. हेडचे नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. खोलताना मोबाइलवर फोटो काढत जा आणि प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या श्रीखंडाच्या डब्यात ठेवा, वर चिठ्ठी लावून. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. आमच्या जिल्ह्याचे कारखानेच ते बनवतात, उसावर इथली घरं चालतात, तक्रार नाही. पण जुन्या रबराला ते मानवत नाही आणि ते पाणी धरून ठेवतं. पेट्रोलची नळी नव्या जातीची घाला, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

रविवारी सकाळी मी नवशिक्यांना शिकवतो. पैसे घेत नाही, फक्त स्वतःची गाडी आणायची आणि हात स्वतःचे काळे करायचे. गेल्या महिन्यात गुरुजींची नात आली. पुण्याला नोकरी करते, गाडी आता तिच्या नावावर आहे. तिनं प्लॅटिन साफ केलं, ०.४ ची पात घातली, स्क्रू आवळला आणि परत तपासलं. आवळताना गॅप सरकला होता, तो तिच्या तिनं ओळखला. चौथ्या वेळेला पात किंचित धरली. मग कागद. तिनं ओढला नाही.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. अकरा वाजले होते. मी चावी दिली तर म्हणाली, “काका, आजोबांनी सांगितलंय, संध्याकाळपर्यंत दारातच ठेव म्हणून.” गाडी स्टँडवर लावली, तोंड रस्त्याकडं.