सेंट लुईसला गेलात तर बुरेक जपून मागा

शिकागोहून सेंट लुईस गाडीने साधारण पाच तास. बहुतेक जण तिथली कमान बघायला जातात. आम्ही मुद्दाम गेलो ते ग्रॅव्हॉय रस्त्यावरच्या बीव्हो मिल भागात, बॉस्नियाक, म्हणजे बॉस्नियातल्या मुस्लिमांचं, जेवण जेवायला. १९९० च्या दशकात बॉस्नियातल्या युद्धातून जीव वाचवून आलेली हजारो कुटुंबं या शहरात स्थिरावली. त्यांत प्रियेदोर आणि स्रेब्रेनित्सा या तिथल्या गावांकडचे पुष्कळ.

बुरेक म्हणजे पातळ कणकेत सारण भरून भाजलेला पदार्थ. बेकरीत शिरल्या शिरल्या मी चीजचा बुरेक मागितला. गल्ल्यावरच्या मावशींनी मान हलवली. बुरेक म्हणजे मांसाचाच! चीजची ती सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा, आणि या सगळ्या प्रकाराला म्हणायचं पिता. घरापासून इतक्या लांब येऊनही त्या या नावांची सरमिसळ होऊ देत नाहीत, हे मला फार भावलं. शाकाहारी मंडळींनी नावं पाठ करूनच जावं.

पितासाठी कणीक हातांनी ओढत टेबलभर पसरतात, खालच्या कापडाची नक्षी दिसेल इतकी पातळ. मग सारण भरून लांब वळकटी करतात आणि गोल ताटात चकलीसारखी वेटोळी घालून भाजतात. सकाळी लवकर जा. आम्हाला पहिल्या दिवशी दुपार झाली आणि सिर्नित्सा गार मिळाली. दुसऱ्या दिवशीची गरमागरम होती, तिची गोष्टच वेगळी.

चेवापी, म्हणजे सोमून नावाच्या पावात कच्च्या कांद्याबरोबर येणारे छोटे कबाब, बहुतेक ठिकाणी गोमांसाचे असतात. चालत नसेल तर आधी विचारा.

कॉफीला मात्र सवड ठेवा. जेझ्वा या तांब्याच्या भांड्यात आधी पाणी उकळतं, मग पूड पडते. साखरेचा खडा कॉफीत बुडवायचा, कुरतडायचा आणि वर घोट घ्यायचा. शेजारच्या टेबलावरचे आजोबा एका कपावर तासभर बसले होते.

जवळच सारायेवोच्या सेबिलची, म्हणजे लाकडी पाणपोईची प्रतिकृती आहे, तीही बघा. बरीच कुटुंबं आता दक्षिणेकडच्या उपनगरांत गेली आहेत, तेव्हा जुन्या यादीवर विसंबू नका, निघण्याआधी दुकानाला फोन करा.

येताना आयवारची बरणी आणाच. भाजलेल्या लाल ढब्बू मिरचीची ही चटणी आमच्याकडे थालीपिठाबरोबर दोन दिवसांत संपली.