दोन बेटे आणि एक चौथा मजला

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला धाकट्या बहिणीकडे पोहोचलो, तेव्हा तिने तयार ठेवलेल्या यादीत गोल्डन गेट पूल, द्राक्षांचे मळे आणि संगणक कंपन्यांची आवारे होती. मी त्यातली बरीच नावे खोडून तीन ठिकाणे लिहिली: सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतली एंजल आयलंड व अल्काट्राझ ही दोन बेटे, आणि शहरातील एक जुनी सरकारी इमारत. सोबतीला सोळा वर्षांचा भाचा आणि गुडघ्यांमुळे चाकाच्या खुर्चीतून हिंडणारी आई.

एंजल आयलंडला मी आणि भाचा दोघेच गेलो. तेथे १९१० ते १९४० या काळात स्थलांतरितांचे तपासणी केंद्र होते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी केली होती; व्यापारी, विद्यार्थी, नागरिकांची मुले अशा मोजक्यांनाच वाट मोकळी होती आणि आपण त्यांपैकी आहोत हे येणाऱ्याने स्वतः सिद्ध करायचे होते. म्हणून अधिकारी विचारत की, गावात तुमचे घर रांगेत कितवे, दाराला पायऱ्या किती, तांदूळ कुठे साठवता. आणि नातलगाचे उत्तर जुळले नाही, तर परत पाठवणीची वेळ येई. (माझ्या आजोळच्या घराला पायऱ्या किती होत्या, हे मला तिथे उभ्याउभ्या आठवेना.) निकालाची वाट पाहत आठवडे, कधी महिने लाकडी बराकीत काढणाऱ्यांनी भिंतींवर कविता कोरल्या. त्यांवर लांबी भरून रंग फासण्यात आला. १९७० मध्ये इमारत पाडण्याचे घाटत असताना अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाच्या नजरेस ती अक्षरे पडली, म्हणून ती आज आहेत. मला चिनी वाचता येत नाही, पण लाकडात किती जोर लावून कोरले आहे, ते बोटाएवढ्या अंतरावरून कळते.

‘हे लोक कोर्टात का गेले नाहीत?’ भाच्याने विचारले. गेले होते, आणि हे केंद्र उघडण्याच्याही आधी. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क हा स्वयंपाकी १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा तू नागरिकच नाहीस म्हणून त्याला बंदरावर अडवण्यात आले. चिनी समाजाच्या संघटनांनी वकील दिले, आणि अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल, आईबाप परदेशी असले तरी, अमेरिकेचे नागरिक असते, असा निवाडा १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. भाचा जन्मला तेव्हा माझी बहीण आणि मेहुणे दोघेही कामाच्या व्हिसावर होते; त्याचा पासपोर्ट या स्वयंपाक्याच्या खटल्यावर उभा आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच न्यायालयाने १९२३ मध्ये नागरिकत्व मागणारे भारतीय स्थलांतरित भगतसिंग थिंड यांना ‘गोरे’ मानण्यास नकार देऊन भारतीयांचा नागरिकत्वाचा मार्ग बंद केला. तो १९४६ मध्ये उघडला, तेव्हाही वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांनाच स्थलांतराची मुभा होती.

अल्काट्राझला आईही आली, कारण चढ न झेपणाऱ्यांसाठी तिथे विजेवर चालणारी छोटी गाडी आहे. बहुतेक पर्यटक इथल्या जुन्या तुरुंगातल्या, अल कपोन या कुख्यात गुंडाच्या कोठडीकडे धावतात. आम्ही आधी पाण्याच्या टाकीवरची लाल अक्षरे पाहिली; ती मूळनिवासींच्या ताब्याची खूण. तुरुंग बंद झाल्यानंतर, २० नोव्हेंबर १९६९ रोजी, अमेरिकेतील मूळनिवासी तरुणांनी हे बेट ताब्यात घेतले. त्यांच्यात पुढे असलेल्या रिचर्ड ओक्स आणि त्यांच्या साथीदारांनी बेटाची किंमत म्हणून चोवीस डॉलरचे मणी आणि तांबडे कापड देऊ केले. न्यूयॉर्कचे मॅनहॅटन बेट गोऱ्यांनी मूळनिवासींकडून याच मोलाने घेतले, असे सांगतात. सरकारने वीज तोडली, पाणी तोडले, तरी ताबा १९ महिने टिकला.

तिसऱ्या ठिकाणी आम्ही बार्ट या लोकल रेल्वेने गेलो आणि सिव्हिक सेंटर स्थानकातून लिफ्टने वर आलो. ५० युनायटेड नेशन्स प्लाझा या इमारतीकडे पर्यटक मान वर करून पाहत नाहीत. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कामात अपंगांना डावलता येणार नाही, असे कलम १९७३ मध्ये कायद्यात आले खरे, पण त्याच्या नियमांवर संबंधित खात्याच्या मंत्र्यांची सही होईना. शेवटी ५ एप्रिल १९७७ रोजी सुमारे दीडशे अपंग आणि त्यांचे साथीदार त्या खात्याचे कार्यालय असलेल्या या इमारतीत शिरले आणि तिथेच राहिले. कोणाला रात्री कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागत होता. फोन तोडले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खाणाखुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. ज्युडी ह्यूमन आणि किटी कोन यांची नावे पुढे राहिली. मला मात्र ब्रॅड लोमॅक्स आठवत राहिले. ते स्वतः चाकाच्या खुर्चीत होते आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते होते. पँथर म्हटले की मराठी माणसाला १९७२ ची मुंबई आणि दलित पँथर आठवते. त्या नावाचे मूळ खाडीपलीकडच्या ओकलंडमधले. मुलांना मोफत न्याहारी देण्याचा पँथरांचा सराव होताच, त्यांनी रोज या इमारतीत गरम जेवण पोहोचवले. २८ एप्रिलला सही झाली.

आई सगळे निमूटपणे ऐकत होती. तिने एवढेच विचारले, ‘ते बसले होते, तो मजला कोणता?’ ‘चौथा,’ मी म्हणालो. भाचा खालून मोजू लागला. इथे तळमजल्यालाच पहिला धरतात; त्यामुळे आईचे बोट बराच वेळ एक मजला वरच राहिले.