उजेड सोपा, मार अवघड

आज आम्ही उजेडाच्या तलवारी करतो, पण मुळात बॅटरीवाले. बॅटरी म्हणजे विजेरी. आत घालायच्या सेलला आम्ही सेलच म्हणतो. भोसरी एमआयडीसीत एक गाळा, त्यात दोन लेथ, एक ड्रिल मशीन, मी, लेथ चालवणारा आमचा टर्नर आणि हिशेबाला माझी बायको, एवढाच संसार. अ‍ॅल्युमिनियमचा बार घ्यायचा, आतून कोरून नळी करायची, आटे पाडायचे, पकडीवर नर्लिंग, म्हणजे हात घसरू नये म्हणून खरखरीत नक्षी, काढायचं आणि अ‍ॅनोडायझिंगला म्हणजे वरून टिकाऊ थर चढवायला धाडायची. गिऱ्हाईक ठरलेलं: वॉचमन, साखर कारखान्यांची स्टोअर्स आणि रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला शेतात जाणारे शेतकरी.

मग मोबाइलमध्ये बॅटरी आली. एवढ्याशा दिव्यानं काय दिसणार, म्हणून आम्ही हसलो. दोन वर्षांत स्टोअरकीपरनं आमचे फोन उचलणं बंद केलं.

अशात एका पावसाळ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा गाळ्यात आला. हातात हातभर लांब पारदर्शक नळी. "काका, पुढची काच काढून ही नळी आत बसेल अशी बॅटरी मिळेल का?" कशाला, विचारलं तर त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अंधारात दोघं निळ्या-लाल तलवारी घेऊन एकमेकांवर तुटून पडलेले. तो म्हणाला, अमेरिकेतून मागवली तर कस्टम धरून जेवढे होतात तेवढ्यात जुनी स्कूटर येते. मी नाहीच म्हणणार होतो. बायको आतून म्हणाली, "करून द्या की. नाहीतरी लेथ बसूनच आहे."

ही उजेडाच्या पात्याची तलवार 'स्टार वॉर्स' चित्रपटातून आली. तिचं 'लाइटसेबर' हे इंग्रजी नाव चित्रपटवाल्यांनी ट्रेडमार्क करून ठेवलंय, त्यामुळे आमच्या बिलावर ते कधीच नसतं. पण त्या मुलानं सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. 1977 साली पडद्यावर आलेली नायकाची ती मूठ कुणी घडवलेलीच नव्हती. रॉजर ख्रिश्चन नावाच्या सेट सजवणाऱ्या माणसाला लंडनच्या एका फोटोग्राफीच्या दुकानात जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी सापडली, तिला त्यानं पकडीच्या पट्ट्या वगैरे चिकटवल्या आणि झाली तलवार. त्या दांडीत तीन मोठे सेल बसायचे. म्हणजे त्या लोकांनीही बॅटरीच उचलली होती! त्या दिवसापासून हा धंदा मला परका वाटला नाही.

पहिली तलवार चार दिवसांत झाली. दिवा, भिंग, सेल, बटण, सगळं आमच्या हातातलं. मुलगा खूश. आठवड्यानं तो नळीचे तुकडे पिशवीत घेऊन परत आला. दुसऱ्याच वाराला नळी फुटली होती आणि त्याच्या मित्राच्या मनगटाला खरचटलं होतं. नळी अ‍ॅक्रिलिकची होती. अ‍ॅक्रिलिक दिसायला काचेसारखं आणि फुटतंही काचेसारखंच. हवं होतं पॉलिकार्बोनेट, पोलिसांच्या दंगलीतल्या पारदर्शक ढाली करतात ते. ते वाकतं, पण त्याचे तुकडे होत नाहीत.

पॉलिकार्बोनेटचे पत्रे हवे तेवढे मिळत. एक इंची नळी कुठे मिळेना. बुधवार पेठेत तापकीर गल्ली पालथी घातली, मुंबईला लॅमिंग्टन रोडलाही जाऊन आलो. उत्तर शेवटी आमच्याच गाळ्याच्या छताला लटकलेलं निघालं. एलईडी ट्यूबलाइटला टी-8 म्हणतात. त्यातला 8 म्हणजे इंचाचे आठ अष्टमांश, म्हणजे सरळ एक इंच. आणि तिचं दुधी आवरण बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटचंच असतं. ती आवरणं ओढणारा एक कारखानदार शोधला. त्याची नळी कागदासारखी पातळ. दोन मिलिमीटर जाडीची ओढून द्या म्हटलं तर तो म्हणाला, डायचे, म्हणजे साच्याचे, पैसे तुमचे आणि माल एवढा एवढा उचलावाच लागेल. बायकोनं बांगड्या मोडल्या वगैरे काही झालं नाही. एक लेथ विकला. ती नळी पुढे दोन वर्षं पुरली.

आता दिव्याबद्दल. तलवार उजळायचे दोन मार्ग आहेत आणि गिऱ्हाइकाला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: मारामारी करणार की मिरवणार?

मारामारीच्या तलवारीत पातं पोकळ असतं. दिवा एकच, मुठीत, भिंगाखाली. उजेड खालून वर जातो, आतल्या पातळ फिल्मवर पसरतो, टोकाच्या टोपीतल्या आरशावर आपटून परत येतो. टोकाकडे थोडा मंद पडतो, पण पात्यात मोडण्यासारखं काही नसतं. दिव्याच्या पाठीची उष्णता मुठीच्या धातूत कशी उतरवायची हे आम्हाला बॅटरीमुळे आधीच येत होतं. नवीन शिकलो ते रंगांचं. लाल एलईडीला दोन-सव्वादोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या वर लागतात, आणि लिथियमचा सेल भरलेला असताना 4.2 व्होल्ट देतो. लालला करंट आवरणारा रेझिस्टर लावला नाही तर तो जळतो, आणि सेल उतरायला लागला की निळा आधी मान टाकतो. हिरवा सगळ्यांत झगझगीत दिसतो, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा जास्त कळतो. "लालमध्ये तेवढाच उजेड द्या" असं म्हणणाऱ्याला हे समजावता समजावता चहा गार होतो.

मिरवायच्या तलवारीत आत पाठीला पाठ लावून एलईडीच्या दोन पट्ट्या असतात. पातं मुठीकडून टोकाकडे सरसरत पेटतं, रंग बदलतो, जिथे वार लागला तिथे ठिणगी चमकते. दिसायला फार देखणं. पण पट्टीच्या एका मीटर लांबीत 144 दिवे, प्रत्येक पूर्ण पांढरा पेटला तर 60 मिलिअँपिअर. पातं ऐंशी सेंटिमीटरचं धरलं तर दोन्ही बाजू मिळून 230 दिवे, जवळजवळ 14 अँपिअर. बोटाएवढ्या 18650 नावाच्या लिथियम सेलकडून एवढं मागणं म्हणजे सायकलला ट्रॉली जोडणं, म्हणून प्रोग्राममध्येच उजेडाला लगाम घालावा लागतो. शिवाय या पट्टीत निरोप एका दिव्याकडून पुढच्याकडे जातो. मधला एक मेला की त्याच्या पुढचे सगळे आंधळे. तरी लोक ही घेऊन लढतात, आणि मग आमच्याकडे येतात.

आवाजाचं फार सांगत नाही. मुठीत गती ओळखणारी एक चिप असते, ती सांगेल तसा स्पीकर गुणगुणतो. त्यातलं बरंच जगभरच्या हौशी लोकांनी फुकट खुलं करून ठेवलंय. आम्ही भर घातली एवढीच, की स्पीकरची भोकं हाताखाली येणार नाहीत अशी केली.

खरं दुखणं दोन इंचांचं आहे. पातं मुठीत दोन इंच आत बसतं आणि ग्रब स्क्रूनं, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूनं, आवळतात. बाहेर बत्तीस इंच, आत दोन. टोकावर वार बसला की मुठीच्या तोंडाशी पहारीसारखा नेट लागतो, सोळा पट. मुंबईच्या एका मेळाव्यात आम्ही पहिल्यांदा टेबल मांडलं तेव्हा मोठ्या दिमाखात दोन मुलांना खेळायला तलवारी दिल्या. तिसऱ्या वाराला एकाचं पातं मुठीतून सुटलं आणि लोकांच्या डोक्यांवरून उडत जाऊन एका बाईंच्या वडापावच्या ताटलीत पडलं. कुणाला लागलं नाही. बाईही हसल्या. मी नाही हसलो. त्या दिवशी एकही तलवार विकली नाही, टेबल आवरून दुपारीच निघालो.

स्क्रू हादऱ्यांनी सैल झाला होता. लेथवाल्याला याचं औषध पाठ असतं: आट्यावर थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा, एक थेंब. टाकला. सगळ्या तलवारींना टाकला. तीन आठवड्यांनी पाती परत यायला लागली. बुडाशी केसासारख्या बारीक चिरा, आणि हलक्याशा वारानं तिथेच तुकडा. मी नळीवाल्याशी भांडलो. त्यानं शांतपणे विचारलं, "साहेब, स्क्रूला काय लावलंत?" पॉलिकार्बोनेट फटक्याला दाद देत नाही, पण ताणाखाली असताना असलं द्रव्य लागलं की ते आतून तडकतं. माहितीपत्रकात प्लास्टिकबद्दल इशारा होता. आम्ही धातूतली माणसं, तो परिच्छेद आमच्यासाठी नाही असं समजून सोडला होता. नळीवाल्याची माफी मागितली आणि एकेचाळीस पाती फुकट बदलून दिली. आता नायलॉनच्या टोकाचे दोन स्क्रू, एकमेकांशी काटकोनात, आणि द्रव्याची बाटली गाळ्याबाहेर. पेटीत स्क्रू आवळायची एल-की आणि एक चिठ्ठी असते: खेळण्याआधी आवळा, खेळून झाल्यावर बघा.

2019 च्या फेब्रुवारीत पोरं एक बातमी घेऊन आली. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघानं या खेळाला मान्यता दिली होती. गोलात तीन मिनिटं, पंधरा गुण. डोकं किंवा धड पाच, हात-पाय तीन, पंजा एक. मला त्यातला एकच नियम महत्त्वाचा वाटला: वार करण्याआधी तलवारीचं टोक पाठीमागे न्यावंच लागतं. त्यानं खेळ देखणा होतो हे खरं, पण आमच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की प्रत्येक वार पूर्ण घेर घेऊन येणार. लढणाऱ्यांसाठी तीन मिलिमीटरची नळी तेव्हा सुरू केली.

आणि लगेच तक्रार, तलवार जड झाली. याचा उलगडा कोल्हापुरात झाला. एका गिऱ्हाइकाला माल द्यायला गेलो होतो, त्यानं मर्दानी खेळाच्या वस्तादांकडे नेलं. वस्तादांनी तलवार पेटवलीच नाही. आडव्या बोटावर तोलली, मनगटातून एकदा फिरवली आणि म्हणाले, "पावणं, वजन जास्त न्हाई, चुकीच्या जागी हाय." मग कोपऱ्यातला गदका आणला, सरावाची चामड्यानं मढवलेली काठी, आणि माझ्या हातात दिला. फरक मनगटाला लगेच कळला. सेल मी मुठीच्या पुढच्या भागात, दिव्याजवळ ठेवला होता, कारण बॅटरीत तो तसाच असतो. आता तो बुडाशी गेला. तोल मुठीच्या तोंडापुढे चार बोटांवर आला आणि वजन तेच असून तक्रार थांबली.

निघताना वस्तादांनी विचारलं, "ह्याला धार कुठल्या बाजूला?" म्हटलं, खेळापुरती चारी बाजूंना. ते बराच वेळ विचार करत होते. "मग अंगाजवळनं फिरवायची सोयच न्हाई की." दांडपट्टा कमरेजवळून, मानेजवळून फिरवण्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे शस्त्र अडाणी वाटलं असावं. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

टाळेबंदीचं वर्ष दुरुस्त्यांवर काढलं. त्यानंतर आलेली एक ऑर्डर सांगायलाच हवी: पुण्यातल्या एका गणेश मंडळाला जिवंत देखाव्यासाठी चाळीस तलवारी हव्या होत्या. भगव्या. लाल आणि हिरवा मिसळला की भगवा होतो असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात पातं मुठीजवळ लाल, वर पिवळं, आणि लांबून भाजलेल्या भुईमुगासारखं. कार्यकर्ते रोज संध्याकाळी येऊन मान हलवून जात. शेवटी मिसळणं सोडून अंबर रंगाचेच एलईडी बसवले. देखावा छान झाला. पैसे दिवाळीत आले.

खेळणं म्हणून आम्ही विकत नाही. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि आमची वस्तू त्या मुलांसाठी नाहीच. नातवाच्या वाढदिवसाला घ्यायला आलेल्या आजोबांना बायको चहा देते आणि परत पाठवते. कुरिअरचा त्रास वेगळा. एकदा बिलावर प्रामाणिकपणे 'तलवार' लिहिलं तर खोकं सहा दिवस अडकून पडलं. आता 'एलईडी प्रॉप' लिहितो आणि विमानानं जाणाऱ्या पार्सलमध्ये सेल घालत नाही.

गाळ्यामागे एक जुना टायर टांगलाय. बाहेर जाणारं प्रत्येक लढाऊ पातं त्याच्यावर पन्नास वेळा मारून बघतो. हे काम आमच्या गल्लीचा वॉचमन करतो, रात्री जाग राहते म्हणून खुशीनं. त्याच्या कमरेला अजून आमचीच जुनी बॅटरी असते. काल रात्री त्यानं नव्या मुठीचा नमुना मारायला घेतला आणि त्रेचाळिसाव्या फटक्याला दिवा गेला. पातं शाबूत, स्क्रू घट्ट, सेल भरलेला. मूठ टेबलावर उघडून ठेवली आहे, सकाळपासून मीटर लावून बसलोय, आणि टर्नर म्हणतो, बटणाखालचा टाका बघा.