केबेक सिटी बघायचं तर फेब्रुवारीत

कॅनडातलं केबेक सिटी उन्हाळ्यातही देखणं असतं, पण मला विचाराल तर जावं फेब्रुवारीतच. पारा उणे पंधरा-वीसपर्यंत उतरतो, नदीवरचा वारा त्याहून बोचतो, आणि तरीही सगळं गाव घराबाहेर असतं. आईबाप लहान मुलांना घसरगाडीवर बसवून, दोरीने ओढत बाजाराला निघतात. ते पाहिलं की आपलीही भीड चेपते.

मॉन्ट्रियलहून आम्ही रेल्वेने गेलो, सव्वातीन-साडेतीन तासांत. आधी सेंत-फ्वा स्टेशन लागतं, तिथे उतरू नका. शेवटच्या गार द्यु पालेला उतरलात की जुनं शहर चालत गाठता येतं. चढ मात्र आहे.

1608 साली साम्युएल द शांप्लँने नदीकाठी वसाहत उभारली, तिथून हे शहर वाढलं. कड्यावर तटबंदीच्या आतलं वरचं शहर आणि खाली नदीलगतचं खालचं शहर, म्हणजे आपल्याकडचा बालेकिल्ला आणि पायथ्याची पेठच. वर शातो फ्रोंतनाक हे 1893 मध्ये सुरू झालेलं अवाढव्य हॉटेल. खाली प्लास रॉयालचा दगडी चौक आणि ‘पेती शांप्लँ’ नावाची चिंचोळी गल्ली. उतरताना जिना घ्या, चढताना फ्युनिक्युलर, म्हणजे कड्यावर रुळांवरून चढणारी छोटी गाडी. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना नेत असाल तर दोन्ही वेळा फ्युनिक्युलरच.

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर नदीपलीकडच्या लेवी गावाला जाणाऱ्या फेरीबोटीत बसा. दहा-बारा मिनिटांचा प्रवास, पण मी तो विसरणार नाही. सेंट लॉरेन्स नदीत बर्फाच्या लाद्या वाहत असतात, आणि समुद्राची भरती-ओहोटी इथवर पोहोचत असल्याने त्या कधी खाली तर कधी चक्क उलट्या दिशेने सरकतात. बोट त्यांना फोडत जाते, तो कडकडाट पायांखाली जाणवतो. परतताना डेकवर थांबा. कडा, तट आणि शातो एका नजरेत दिसतात. दुपारी उशिराची बोट धरलीत तर दिवे लागतानाचं शहर मिळतं. कार्निव्हलच्या, म्हणजे इथल्या हिवाळी उत्सवाच्या दिवसांत याच नदीत होड्यांची शर्यत होते. खेळाडू पाण्यात वल्हवतात आणि बर्फ आला की उतरून होडी ढकलत पळतात!

मॉनमोरांसी धबधबा शहराजवळच आहे, 83 मीटर उंच. तुषार गोठून पायथ्याशी बर्फाची टेकडी तयार होते. अर्धा दिवस ठेवा.

कपड्यांत कंजुषी नको. अंगालगत सुती कपडा घालू नका, घाम धरून ठेवतो. थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वर वाराबंद जाकीट. बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे जरूर घ्या, उतारावरचा बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

शाकाहारी मंडळींनी विचारल्याशिवाय काही मागवू नये. पुतिन म्हणजे चीज आणि ग्रेव्ही घातलेले बटाट्याचे फ्राइज; त्याच्या ग्रेव्हीत बहुधा मांसाचा अर्क असतो, वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस. बर्फावर ओतलेला मेपलचा गरम पाक मात्र काडीवर गुंडाळून बिनधास्त खा. दुकानात शिरताना आधी ‘बाँझूर’ (फ्रेंचमधला नमस्कार) म्हणा, मग इंग्रजीत बोललात तरी लोक आपुलकीने मदत करतात.

कार्निव्हल साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतो. तेव्हा तटाच्या आतल्या खोल्या महागतात आणि लवकर भरतात. त्या नाही मिळाल्या तर खालच्या सें-रोश भागात बघा.