डाव्या दाराची फट आणि ट्रॅक्टरची टॉप लिंक

मागच्या वेळी माझ्या एमजीबी रोडस्टरबद्दल (बिनछपराची जुनी ब्रिटिश गाडी) मी फार खुशीत लिहिलं होतं. डावी इनर सिल (दाराखालच्या पोकळ तुळईचा आतला पत्रा) बसली, कॅसल रेल (तिच्या तळाची पट्टी) बसली, फ्लोअर टाक्यांवर (वेल्डिंगच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर) उभा आहे, आता आठ दिवसांत बाहेरची सिल लावतो, असं म्हणालो होतो. त्याला सात आठवडे झाले. बाहेरची सिल अजून भिंतीला टेकून उभी आहे. मधल्या काळात मीच मारलेलं निम्मं वेल्डिंग मीच कापून काढलं आणि परत मारलं. काल रात्री साडेअकराला डावं दार लावलं, कुलपाने एकाच आवाजात धरलं, आणि मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली. खाली साडेचार मिमी, वर पाच. सहा मिमी ड्रिलचा बिट फटीत कुठेच जात नाही आणि चारचा सगळीकडून फिरतो. मी तो बिट वर-खाली किती वेळा फिरवला, सांगत नाही.

आता सात आठवडे कुठे गेले ते लिहितो, कारण तुमच्यातले निदान तिघे जण रोडस्टरच्या सिल कापायच्या तयारीत आहेत.

फ्लोअर टाक्यांवर असताना फट बरोबर होती. मग पक्कं वेल्डिंग केलं. एका रविवारी सकाळी साडेपाचला सुरू केलं (आमच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं आणि मशीन तार थुंकायला लागतं, म्हणून पहाट बरी) आणि दहापर्यंत सगळे प्लग (दोन पत्रे जोडायला वरच्या पत्र्याच्या भोकांत मारायचे वेल्ड) भरून मोकळा झालो. दुपारी दाराच्या जागेतला चौकोनी पाइपचा आधार कापला, दार टांगलं. मागच्या कडेला खाली तीन मिमी, वर नऊ. दार जणू पुढे वाकून नमस्कार करतंय.

पहिला संशय बिजागरीवर गेला. पिना नव्या टाकल्या, वरची बिजागरी आत घेतली, खालची बाहेर काढली. मागची कड सरळ झाली तर पुढची तिरकी झाली, शिवाय दाराची कंबररेषा मागच्या विंगपेक्षा (मागच्या चाकावरच्या पत्र्यापेक्षा) दोन सूत वर गेली. म्हणजे दार निर्दोष, चौकट वाकडी.

दुसरा संशय उष्णतेवर, आणि त्यात तथ्य होतं. सिलच्या खालच्या पट्टीवर ओळीने प्लग भरत गेलं की प्रत्येक प्लग निवताना पत्रा आखडतो. सगळे प्लग खालच्या अंगाला असले की खालची बाजू आखूड होते आणि वरची फट उघडते. मी पुढून मागे एका दमात गेलो होतो, ही चूक झालीच. पण सहा मिमीचा फरक निव्वळ आखडण्याने येईल हे मनाला पटत नव्हतं.

मग म्हटलं उजवी बाजू माप म्हणून धरू, तिला अजून हात लावलेला नाही. पण ती कितपत धड आहे, हे आधी बघायला हवं. म्हणून उजव्या बाहेरच्या सिलला तळहाताएवढी खिडकी कापली. कटिंग व्हील आत गेलं आणि ठिणग्यांऐवजी धूळ उडायला लागली. आत गाळ होता. ठासून भरलेला, वाळून विटेसारखा झालेला, कृष्णेचा गाळ. ही गाडी २०१९च्या ऑगस्टमध्ये, महापुरात, सांगलीच्या गावभागातल्या शेडमध्ये उभी होती, हे तुम्हाला माहीत आहे. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सीटच्या रुळाखालच्या लाकडी पट्ट्या कुजलेल्या निघाल्या तेव्हाच पाणी कुठवर होतं ते कळलं होतं, पण सिलच्या पोटात नदी अजून शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं. स्क्रू ड्रायव्हर आणि जुन्या कलथ्याने खरवडून काढला. बादलीत भरून वजन केलं, नऊ किलो. त्यात एक हळकुंड सापडलं. गंजून पडलेल्या भोकातून शिरलं असणार. मोडून पाहिलं तर आतून अजून पिवळं होतं. ते मी धुऊन टूलबॉक्सच्या झाकणात ठेवलंय.

गाळ निघाल्यावर आतला मेंब्रेनचा पत्रा दिसला, म्हणजे दिसला नाहीच. इनर आणि आउटर सिलच्या मधोमध उभा असणारा हा पत्रा, सिलची खरी ताकद त्याच्यात. खालचा निम्मा भाग नव्हताच. आधीच्या एमजीए मॉडेलला खाली वेगळी चॅसी होती, आपल्या एमजीबीला नाही. छप्परही नाही. पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं या दोन सिल आणि टनेल (फ्लोअरच्या मधला उंचवटा) मिळून धरतात, आणि उजवीकडे ते काम बहुतेक गाळच करत होता. म्हणजे माप म्हणून उजवी बाजू बाद.

इथे मी अडकलो. टेप लावून दाराच्या चौकटीचे कर्ण मोजले, तीनदा मोजले, तीन वेगळे आकडे आले.

सुटका केली शेजारच्या गवंडीकाकांनी. ते संध्याकाळी चहाला आले, माझी टेपशी चाललेली झटापट पाहिली आणि विचारलं, "गाडी आडवी हाय का ते बघितलंस का आधी?" मी म्हटलं, "काका, चार स्टँडवर आहे, स्पिरिट लेव्हल लावलीय." ते म्हणाले, "ती तुझी फूटभराची काडी. पाणी धर." आणि घरी जाऊन लेव्हलची नळी घेऊन आले.

तुमच्यापैकी कुणी नळी वापरत नसेल तर आजच आणा. पारदर्शक नळी, पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, बस. आम्ही डाव्या कॅसल रेलवर तीन ठिकाणी पाणी धरलं: पुढचं टोक, बरोबर मध्य, आणि मागच्या स्प्रिंगच्या पुढच्या हँगरपाशी. दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा मध्य पाच मिमी वर होता. काका म्हणाले, "मधी फुगलीय की रं तुझी तुळई." आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं.

टाके मारले तेव्हा मागचे स्टँड अ‍ॅक्सलखाली होते. पक्क्या वेल्डिंगच्या आदल्या रात्री वेल्डिंगच्या टॉर्चला वाट मिळावी म्हणून मी ते पुढे, सीटच्या मागच्या पायरीखाली सरकवले. मागे अ‍ॅक्सल, स्प्रिंगा, पेट्रोलची टाकी, दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटरींच्या पेट्या, सगळं अधांतरी. शेपूट खाली गेलं, मधला भाग वर आला, दाराची चौकट वरून फाकली. आणि तशा फाकलेल्या अवस्थेत मी सगळे प्लग भरले. गाडी चाकांवर उभी असती तर उलट झालं असतं, मध्य खाली बसून फट वरून मिटली असती.

पण मग आधार काय करत होता? मी २५ मिमीचा एकच चौकोनी पाइप दाराच्या जागेत मधोमध आडवा लावला होता. एक पाइप दोन खांबांमधलं एकच अंतर धरतो. त्याच्या वर आणि खाली चौकट त्याच्याभोवती फिरायला मोकळी. शिवाय तो पाइप दाराच्याच जागेत असल्यामुळे वेल्डिंग चालू असताना दार टांगून बघता येत नव्हतं. साडेचार तास मी डोळे झाकून काम केलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

दोन पाइप लावायचे, आतल्या बाजूने लावायचे, म्हणजे दार लावूनच काम करता येईल, एवढं ठरलं. पण वाकलेली चौकट आधी सरळ कशी करायची? जॅकने? जॅक काढला की परत जाते. हा प्रश्न डोक्यात घेऊन मी कसबे डिग्रजला आत्याकडे गेलो. आतेभाऊ शेतात रोटाव्हेटरचा कल लावत होता. टॉप लिंकचा (ट्रॅक्टर आणि अवजार वरून जोडणाऱ्या, लांबी कमीजास्त होणाऱ्या दांड्याचा) मधला बॅरल दांडीने फिरवायचा, रोटाव्हेटर मागून उचलायचा, परत फिरवायचा, खाली. एका टोकाला डावे आटे, दुसऱ्याला उजवे. मी बांधावर उभा राहून बघतच राहिलो. आतेभाऊ म्हणाला, "काय झालं रे?" मी म्हटलं, "दादा, ही कितीला मिळते?"

माधवनगर रस्त्यावरच्या ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानातून लहान ट्रॅक्टरच्या दोन लिंका आणल्या. सहा मिमी पट्टीचे ब्रॅकेट करून पुढच्या आणि मागच्या खांबाच्या आतल्या अंगाला टाकले. एक लिंक वर, डॅशच्या खालच्या कडेच्या उंचीला. दुसरी खाली, सिलच्या वर वीतभर. पाव फेरा फिरवला की खांब पावणेदोन मिमी जवळ येतात किंवा लांब जातात. ठोकाठोकी नाही, आणि आटे आहेत तिथेच थांबतात. मी गेली चार वर्षं जमवलेल्या हत्यारांत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

मग क्रम असा ठेवला. मागचे स्टँड अ‍ॅक्सलखाली, पुढचे सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरखाली, म्हणजे वजन जिथे चाकांवर येतं तिथेच. नळीने चारही कोपरे एका पाण्यात. दार टांगलं. मग इनर सिल आणि फ्लोअरच्या मागच्या अर्ध्या भागातले २२ प्लग स्पॉट कटरने सोडवले. सोळावा सुटला तेव्हा सिलमधून 'टण्' असा आवाज आला आणि फट डोळ्यांदेखत दीड मिमी मिटली. अडकलेला ताण निघाला. बाकीचं वरची लिंक आखडून घेतलं, खालची पाव फेरा सैल केली.

परत भरताना घाई केली नाही. तीन प्लग पुढे, तीन मागे, मग पत्र्याला उघडा हात लावता येईपर्यंत थांबायचं, दार उघडून बंद करायचं, फट मोजायची. तीन पहाटा लागल्या. मधे दोनदा अर्धा मिमी सरकलं, लिंक फिरवून परत आणलं.

वेल्डिंगला काय काय वापरतो, हे तुम्ही विचारलं होतं. नुसत्या सीओटू गॅसवर हा १.२ मिमीचा पत्रा होतो, पण शिंतोडे फार आणि कडा जळते. मिरजेहून आर्गॉन मिक्सचा सिलिंडर आणल्यापासून ग्राइंडरचं काम निम्म्यावर आलं. तार ०.८ची. भोकं आठ मिमीची, आणि भोकापेक्षा मागचा पत्रा आधी तापवायचा, मग बाहेर यायचं. जिथे फट जास्त तिथे मागून तांब्याची पट्टी धरा, त्याला वेल्ड चिकटत नाही. आणि कुणी कितीही सांगितलं तरी जीपी (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा घेऊ नका. लवकर गंजत नाही हे खरं, पण जस्ताचा धूर अंगात गेला की रात्री थंडी भरून ताप येतो, आणि वेल्ड स्पंजासारखा होतो. साधा सीआरसी (बिनमुलाम्याचा) पत्रा घ्या, नंतर झिंक प्रायमर मारा.

पार्टसचं. इनर सिल आणि डावा फ्लोअर ब्रिटिश मोटर हेरिटेजचे होते, मूळच्या डायवर (साच्यावर) काढलेले, आणि ते जागेवर ठेवल्या ठेवल्या बसले. कॅसल रेल मात्र पैसे वाचवायला एका दुसऱ्या परदेशी विक्रेत्याकडून घेतली. मायक्रोमीटर लावला तर पत्रा १.२ ऐवजी १ मिमी, आणि खोली तीन मिमी कमी. ती बसवायला दोन ठिकाणी काप देऊन पट्टी भरावी लागली. कस्टम भरून ही वस्तू घरी आणायची आणि मग तिला दुरुस्त करायचं, याचा मला मनापासून राग आला. उजवी रेल कुपवाड एमआयडीसीत वाकवून घेणार आहे. डाव्या जुन्या रेलचा चांगला तुकडा घेऊन तिथल्या एका प्रेसवाल्याकडे गेलो होतो. त्याने नुसतं वाकवण्याचं बोलायच्या आधी तुकडा उलटा करून आतल्या कोपऱ्याची त्रिज्या मोजली. असा माणूस मिळाला की मला पुढची चिंता राहत नाही.

मागच्या वेळी गाडी गोल फिरवायचा स्टँड करतो म्हणालो होतो. तो बेत सध्या रद्द. दोन्ही टोकांना धरून गाडी उचलायची आणि मधे उजवी सिल नाही, हे आता कल्पनेतही नको वाटतं. दोन्ही सिल पूर्ण झाल्या, मेंब्रेन बसले, मगच फिरवायची.

आणि हे लिहिताना अजून एक लक्षात येतंय. उजवी बाजू कापायच्या आधी डाव्या लिंका काढायच्या नाहीत. उजवी उघडली की डावीवरचा भार बदलणार, आणि तिची बाहेरची सिल अजून लागलेली नाही. म्हणजे आणखी दोन लिंका लागतील, एकूण चार. शिवाय डाव्या आउटर सिलच्या आधी मेंब्रेनच्या खालच्या कडेला पाणी निघायला मूळची भोकं आहेत ती मी आठ मिमीची करणार होतो; नऊ किलो गाळ पाहिल्यावर बाराची करतो आणि पुढच्या टोकाला एक रबरी बूच ठेवतो, म्हणजे पावसाळ्यानंतर पाइप लावून आतून धुता येईल. मूळ गाडीला असं बूच नाही. मूळ गाडी कृष्णाकाठी उभी राहणार हे अ‍ॅबिंग्डनमध्ये, एमजीच्या कारखान्यात, कुणी धरलं नव्हतं.

गवंडीकाकांची नळी अजून माझ्याकडेच आहे. उद्या त्यांना हवी आहे, स्लॅबचं काम आहे. तेव्हा पहाटे पाचला उजव्या रेलवरचे तीन आकडे घेऊन भिंतीवर लिहून ठेवतो, आणि मग नळी परत देऊन येतो.