मांडवीचं वाहन आणि आमच्या वाती

बडोद्यात "मांडवीला जाऊन येते" म्हटलं की घरचे विचारतात, काय आणायचंय? चार दरवाजांच्या मधली आमची मांडवी म्हणजे बाजारहाट. यंदा पौषात मी गेले ती कच्छच्या मांडवीला. सयाजीनगरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून भूज, पुढे साठेक किलोमीटर जीपनं, थेट रुक्मावती नदीच्या काठी. तिथं चारेकशे वर्षं लाकडी जहाजं बांधतात. खलाशी त्यांना 'वाहन' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

माझी भाची फाइन आर्ट्सच्या मुलांना घेऊन गेल्या वर्षी एका जुन्या शिडाच्या वाहनाची मापं काढून आली होती. मालकाच्या घरच्यांना ते मोडीत काढायचं नव्हतं. मिस्त्री ठरले होते, लाकूडही आलं होतं. "मावशी, सुतारकाम ते करतील. त्याआधीचं काम आपण करायचं. नोंदी ठेवायला तू हवीस." संग्रहालयात ३१ वर्षं वस्तूंची नोंदवही सांभाळलेल्या बाईला एवढं बोलावणं पुरे होतं. शिवाय माझे आजोबा ओखा बंदरात कारकून होते. ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानात होतं. आजोबांच्या तोंडून ऐकलेले परबाण (शिडाचा आडवा वासा), तांडेल (खलाशांचा म्होरक्या) हे शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा वापरायला मिळणार होते.

आम्ही अकरा जण, हाताशी आठ दिवस. मुदत घातली होती चंद्रानं. ओहोटीला नदीत चिखलच उरतो आणि वाहनं त्यात रुतून बसतात. अष्टमीच्या सुमाराला भरती अगदी बेताची. अमावस्येच्या उधाणाला मात्र पाणी चढतं, तेव्हाच वाहन काठावर ओढून घेता येतं. तोवर ते हलकं झालं नाही तर पुढचे १५ दिवस मिस्त्री बसून राहणार.

पहिले तीन दिवस दगड काढण्यात गेले. तळाशी तोल राखायला भरलेले हे दगड शेवाळलेले, बुळबुळीत. माणसांची साखळी करून एकेक वर द्यायचा. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, पाठ अजून दुखते आहे एवढंच. मग दोर उतरवले. प्रत्येक दोर कुठून निघून कुठं बांधला होता ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्याच दोराला बांधायची. मुलांनी स्केचपेनं काढली होती, मी पेन्सिली दिल्या. समुद्राकाठच्या दमट हवेत शाई पसरते, पेन्सिल टिकते. सुती शीड कोरड्या वाळूवर पसरलं तेव्हा ते एखाद्या अंगणाएवढं भरलं. घडीच्या आत काळी बुरशी होती. शीड नीट न वाळवता गुंडाळलं गेलं होतं.

चौथ्या दिवशी मिस्त्रीबापा आले. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, हातात लाकडी हातोडी. ते फळीवर ठोके मारत पुढे जात आणि मी खडू घेऊन मागे. सडलेल्या जागी लाल खूण, शंका असेल तिथं पांढरी. आपण माठ घेताना वाजवून बघतो ना, तसंच हे. बरं लाकूड टणटणतं, आतून गेलेलं भदभद वाजतं. मला आधी फरकच कळेना. "बेन, लाकडुं बोले छे, सांभळो," (लाकूड बोलतं, ऐका) असं म्हणत त्यांनी माझा हात धरून फळीवर ठेवला आणि शेजारी ठोका मारला. नाळेजवळच्या, म्हणजे वाहनाच्या पुढच्या टोकाजवळच्या, एका फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी चार भोकं होती, बाकी लाकूड अगदी धडधाकट दिसत होतं. बापांनी तिथं टोच्या लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. फळी पोखरणारा हा जीव दिसतो किड्यासारखा, पण आहे शिंपल्याच्या जातीचा. पिल्लू असताना एवढ्याशा भोकातून शिरतो आणि आतल्या आत वाढत बोटाएवढी भुयारं करतो. पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबीचा लेप देतात तो याच्यासाठी.

वरच्या तक्तपोशीची, म्हणजे डेकच्या फळ्यांची, गोष्ट उलटी. तिथं लाकूड कुजलं होतं ते पावसाच्या पाण्यानं. खारं पाणी लाकडाला राखतं, गोडं पाणी साचलं की सडवतं. अडगळीखाली डबकं साठायचं तिथंच नेमक्या तीन लाल खुणा पडल्या.

पाचव्या दिवशीची चूक माझी. आतल्या सामानाचे मी दोन ढीग केले होते, एक नोंदवायचा, एक टाकायचा. टाकायच्या ढिगात एक वाकडी, पातळ, हातभर फळकूट होतं. त्यावर ना रंग, ना खिळा. संध्याकाळी ते चहाच्या चुलीत गेलं. दुसऱ्या दिवशी बापा तेच शोधत आले. तो फर्मा होता, मागल्या बाजूच्या फळीच्या वळणाचा. मांडवीत वाहनं कागदावरच्या नकाशानं नाही, नजरेनं आणि अशा फर्म्यांनी बांधतात. "पूछवुं तो हतुं ने, बेन." एवढंच बोलले, पण आवाज कडक होता. बांबूची पट्टी वाहनाच्या अंगाला दाबून धरून नवा फर्मा काढण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला. मला रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आले की ओळख पटेपर्यंत काही टाकायचं नाही. सकाळी एक खोकं घेतलं आणि त्यावर 'कशाचं ते माहीत नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. बापांचा हात लागल्याशिवाय त्यातलं काही हलवायचं नाही, चुलीत तर मुळीच घालायचं नाही.

पाणी आत शिरू नये म्हणून फळ्यांच्या फटींत ठासलेला जुना कापूस बापांनी दाखवला तिथूनच काढला. सगळा उपसला तर फळ्या उन्हानं आकसतात, म्हणून उघड्या फटींवर ओली गोणपाटं टाकत होतो. निघालेला कापूस काळा, तेलकट, सुंभासारखा घट्ट. मी एक तुकडा उलगडला. आतला पीळ पाहून हात थांबला. हा तर आपल्या वातीचाच पीळ! तिथंच मांडी घालून पिंजलेल्या कापसाची हातभर लड वळून दाखवली. बापांनी ती दोन्ही हातांनी ताणली, नखानं दाबली आणि म्हणाले, जाडी बरोबर, पीळ अजून घट्ट हवा.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पाणी चढलं. वाहन आधी एका कुशीवरून जरासं हललं, मग सरळ झालं. दोरांवर खलाशी होते, त्यांच्या मागे आम्ही. दर्यालालाचं, म्हणजे समुद्रदेवाचं, नाव घेऊन ओढलं आणि ते काठावर आलं. लाल खुणा एकूण २७, पांढऱ्या ४१. वही बापांच्या नातवाकडे सोपवली.

आता फळ्या बदलतील, मग कापूस लागेल. रावपुऱ्यातल्या पिंजाऱ्याकडून पाच किलो आणलाय. दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर रोज पाचनंतर शेजारच्या चौघी येऊन बसतात. लड वावभर (दोन्ही हात पसरून होईल एवढ्या) लांबीची, करंगळीएवढी, पीळ उजवा. आत्तापर्यंत ६२ झाल्या. तेलात भिजवायचं काम तिकडे होईल, इथं कोरड्याच वळायच्या. ज्यांना वाती वळता येतात त्यांनी जरूर यावं, फक्त हाताला तेल-क्रीम लावून येऊ नका, पीळ निसटतो.