दहाची गाडी चुकवायची नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, कुठेही विषय निघतो. कुणाच्या तरी घरी तसलं आजारपण आलेलं असतं, मग आवाज खाली आणून मला विचारतात, "तुम्ही सासऱ्यांना घरीच मॉर्फिन देत होतात ना? भीती नाही वाटली?"

वाटली. मॉर्फिन म्हणजे जबर दुखण्यावरचं औषध, अफूपासून काढलेलं. त्या गोळ्यांची पहिली पट्टी चार दिवस फडताळात, साखरेच्या डब्यामागे पडून होती.

अण्णांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळला तेव्हाच पसरलेला. केमो दोनदा घेतली आणि पुढची नको म्हणाले. पोटातून निघून पाठीत घुसणारी कळ, आडवं झालं की वाढायची. म्हणून रात्रभर पलंगाच्या कडेला बसायचे, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवून. कण्हायचे नाहीत. उजव्या पायाची बोटं तेवढी फरशीवर घासत राहायची. तो आवाज आमच्या खोलीत यायचा.

केमोच्या डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात चिठ्ठी दिली होती, पॅलिएटिव्ह विभागात, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याकडे बघणाऱ्या विभागात, दाखवून घ्या म्हणून. आम्ही ती फाइलमध्ये तळाशी सारली. पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा आमचा समज. धाकटे दीर फोनवर म्हणाले, "इतक्यात कशाला तिकडे?" सगळ्यांनाच ते बरं वाटलं. सहा आठवडे गेले. ते सहा आठवडे अण्णा बसून झोपले. मॉर्फिन दिल्याची टोचणी मला कधीच लागली नाही. चिठ्ठी दाबून ठेवल्याची अजून लागते.

शेवटी गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आमच्याकडे न बघता अण्णांना विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा?" अण्णा म्हणाले, "झोपेचा." मी मॉर्फिनचं ऐकून चरकले, तर बाई म्हणाल्या, दोन भीत्या सगळ्यांनाच असतात: चटक लागेल आणि माणूस लवकर जाईल. दुखण्यासाठी, मोजून, देखरेखीखाली घेणाऱ्याला नशेसारखी ओढ सहसा लागत नाही. शरीर सरावतं, म्हणून एकदम बंद मात्र करायचं नाही. आणि श्वासाला धोका असतो तो भलत्या मात्रेनं. थोड्या मात्रेनं सुरुवात करून दुखण्याच्या मानानं वाढवली की माणूस झोपतो, मरत नाही. हे सगळं पटलं आणि तरी पट्टी साखरेच्या डब्यामागे गेली. पटणं वेगळं आणि आपल्या हातानं गोळी तळहातावर ठेवणं वेगळं.

पाचव्या दिवशी घरी येणाऱ्या सिस्टर आल्या. पट्टी तशीच बघून रागावल्या नाहीत. 10 मिलिग्रॅमची गोळी त्यांनी माझ्याकडून अर्धी करून घेतली आणि मलाच द्यायला लावली. त्या रात्री अण्णा आडवे झोपले. मध्यरात्री बघते तर नवरा त्यांच्या नाकाशी बोट धरून उभा. अण्णांनी डोळे न उघडता सांगितलं, "मेलो नाहीये रे. झोपलोय."

वटपौर्णिमेच्या आठवड्यात ही पहिली गोळी. अण्णा गेले सर्वपित्रीला. मधे गणपतीत खुर्चीवर बसून आरती म्हटली, अर्धा मोदक खाल्ला, सारण कोरडं झालंय हेही सांगितलं. मॉर्फिनमुळे लवकर गेले का, याचं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे.

अण्णा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसमध्ये, टाइमकीपर होते. उभी हयात स्वारगेटला गाड्या सोडण्यात गेली. सिस्टर म्हणाल्या, "दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. कळ आल्यावर दिलेली गोळी तिच्यामागे पळत बसते." हे अण्णांना जितकं कळलं तितकं आम्हाला कुणालाच नाही. गर्दी झाली म्हणून गाडी सोडतात का? वेळ झाली की सोडतात. त्यांनी नातवाची जुनी वही मागवली, पट्टीनं रकाने आखले: वेळ, सुटली, उशीर, शेरा. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 ला दुप्पट, म्हणजे पहाटे 2 ला कुणाला उठायला नको. "दहाची गाडी चुकवायची नाही" हे आमच्या घरातलं वाक्य होऊन बसलं. शेऱ्यात पोट साफ झालं की नाही तेही यायचं, कारण मॉर्फिननं हमखास बद्धकोष्ठ होतं. रेचक पहिल्या दिवसापासून रोज द्यायचं. ते एकदा चुकवलं तेव्हा मात्र सिस्टर खरंच रागावल्या.

गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्यांचं असं जंजाळ केलं की पुष्कळ दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. 2014 साली कायदा बदलला, आता मान्यता असलेल्या संस्थांमधून मिळतात. अफू आपल्याच मध्य प्रदेशात आणि राजस्थानात पिकते, नीमचला आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत, आणि आपली माणसं खुर्चीवर डोकं टेकून रात्र काढतात. असो.

खरं अवघड होतं ते डायपर. शेवटच्या महिन्यात अण्णांना उठवेना, आणि सुनेच्या हातून ते करून घ्यायला तयार होईनात. मी खोलीत आले की चादर गळ्यापर्यंत ओढायचे. मला वाटायचं, माझ्या सेवेत काही कमी पडतंय. सिस्टरांनी मला बाहेर पाठवलं आणि नवऱ्याला शिकवलं: कुशीवर कसं वळवायचं, गुंडाळी पाठीखालून कशी सरकवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड लाल दिसलं तर काय करायचं. चार दिवसांत जमलं त्याला. तोवर त्यानं वडिलांच्या पायाला हात लावला होता तो फक्त नमस्काराला.

पुण्यात कुठे जायचं, हेही विचारता. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून आहे. कॅन्सरच्या पेशंटला तिथे पैसे पडत नाहीत, आणि घरच्यांनाही शिकवतात. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही निघालं. तेही मोफत, पण बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरसाठीच. तुमच्याकडे पार्किन्सन्स असेल, किडनी असेल, विसरभोळेपणा फार वाढला असेल, तर आपल्या डॉक्टरांकडेच पॅलिएटिव्हची चिठ्ठी मागा. हा विभाग कॅन्सरपुरता नसतो. चालू उपचारही थांबवायला लागत नाहीत. दोन्ही बरोबर चालतं. आम्हाला हेच माहीत नव्हतं.

आणि "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना खरंच सांगा. मी पहिले दोन महिने "नाही हो, चाललंय" म्हणत राहिले. मग एकदा खालच्या मजल्यावरच्या काकांना सरळ विचारलं, "गुरुवारी चार ते सहा बसाल का अण्णांजवळ?" ते दर गुरुवारी आले, पेपर घेऊन. त्या दोन तासांत मी झोपायचे. बँकेत जाते म्हणून सांगायचे आणि माहेरी जाऊन झोपायचे.

त्या वर्षी घट बसले नाहीत. तेरा दिवस घर भरलेलं, आणि मग एकदम कोणी नाही. येणारे जाणारे म्हणायचे, सर्वपित्रीला गेले, भाग्यवान. मी मान हलवायचे. रात्री दहाला माझा हात आपोआप फडताळाकडे जायचा.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं आणि दोन दिवसांनी सिस्टर आल्या. उरलेल्या गोळ्या घरात ठेवायच्या नसतात, मोजून परत न्यायच्या असतात. मला वाटलं त्यासाठीच आल्या. त्यांनी गोळ्या मोजल्या, वहीशी ताळा केला, चहा घेतला आणि तरी उठेनात. मग म्हणाल्या, "तुम्ही झोपता का?" अण्णांचं कसं झालं हे सगळ्यांनी विचारलं होतं. हे नाही. मी तासभर काय काय बोलले ते मला आठवत नाही. हेही त्यांच्या कामातच येतं म्हणे. माणूस गेल्यावर घरच्यांकडे पुन्हा एकदा जायचं.

निघताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. श्रावणातलं एक पान उघडं होतं, अण्णांच्या तिरप्या अक्षरात. वेळ 10.00. सुटली 10.20. उशीर 20 मिनिटं. शेरा: सूनबाई मालिका बघत होत्या.